लाल खिळ्यावरचा ब्लाउज

परतवाड्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं तेव्हा गावातल्या बायका मला लग्नाची खरी तारीख कधीच सांगत नसत. वीस तारखेचं लग्न असलं तर बारा सांगायच्या. का, तर बाराला मागितलेला ब्लाउज आमच्याकडून अठराला मिळतो हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि बारा म्हणाली म्हणजे वीस असणार, हे आमच्या मास्टरला ठाऊक. म्हणून कापड एकदा कापलं की सतरापर्यंत तो त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. दोन्हीकडून खोटं, दोन्हीकडे माहीत, आणि तरी रोज माझ्या काउंटरवर घसा फाडून भांडणं.

वर्षंही तशीच होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं आणि ते काही कौतुकानं नाही. पांढऱ्या गाड्यांमधून पाहणी करणारे यायचे, वावरात उभं राहून फोटो काढायचे आणि चौकात चहा पिऊन अमरावतीला परत जायचे. लग्नं थांबली नव्हती, पण तारखांचा भरवसा उरला नव्हता. कापूस विकला की तारीख निघायची, भाव पडला की पुढे ढकलायची, आणि भावकीत कुणाचा मांडव पडला की त्याच मांडवात आपलंही उरकून घेऊ म्हणून एकदम अलीकडे यायची. त्यात लोडशेडिंग. शिलाईच्या मशिनी पायाच्या होत्या, त्यांचं काही अडायचं नाही. पण कडा बांधायची इंटरलॉकची मशीन विजेवरची, आणि वीज दुपारी दोन घटका तोंड दाखवून जायची.

दुकानात आम्ही पाच जणं. काउंटरवर मी. मापं घ्यायची, शिव्या खायच्या आणि व्याजासकट परत करायच्या, हे माझं काम. कटिंगला मास्टर. पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणाऱ्या मुसलमान घरातला माणूस, कानावर खडू, तोंडात पान, आणि बोलणं अर्धं उर्दू, अर्धं वऱ्हाडी. मशीनवर दोघी सख्ख्या जावा, ज्या घरी एकमेकींशी बोलत नसत आणि दुकानात तोंड मिटत नसत. आणि हातशिलाईला काकू. हुक, काजं, तुरपाई, सगळं तिच्याकडे. वयानं माझ्याएवढीच, पण नाकावर चष्मा आणि बोलण्यात धार असल्यामुळे सगळे तिला काकूच म्हणायचे.

मास्टरचा एक धर्म होता. गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत कापड कापायचं. "बाई," तो मला समजवायचा, "कपड्याले कैची लागली का गिऱ्हाईक आपलं. कापलेला तुकडा घेऊन जाईन कुठी?" आणि खरंच, गावातले सगळे टेलर हेच करायचे. कापलेल्या कापडाला दुसरा शिंपी हात लावत नाही. त्यामुळे आमच्या फळ्या छतापर्यंत कापलेल्या गाठोड्यांनी भरलेल्या. पाठ इथे, बाही तिथे, अस्तर मशीनखाली. एकदा एकीच्या जांभळ्या ब्लाउजला दुसरीच्या हिरव्या बाह्या लागून गेल्या. मी तोंड लपवून बसले होते, तर पुढच्या आठवड्यात तिघी जणी तस्साच ब्लाउज मागायला आल्या. असं नशीब रोज कुठून येणार?

त्या उन्हाळ्यात अकोल्याच्या बहिणीचा मुलगा सुट्टीत आला. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. घरी कूलर बंद, म्हणून दुकानात येऊन बसायचा आणि आमची भांडणं सिनेमा बघितल्यासारखी बघायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "मावशी, तुमचं काम संपत नाही, कारण तुम्ही फार कामं सुरू करता."

"वा रे शहाण्या! हे शिकायले पुण्याले गेला का तू?"

पण तो काही गप्प बसेना. जपानमधल्या मोटारीच्या कारखान्यात कानबान म्हणून एक पद्धत आहे म्हणाला. सगळं काम भिंतीवर मांडायचं, दिसेल असं. प्रत्येक टप्प्यावर किती कामं राहू शकतात ते ठरवून टाकायचं. मागच्यानं पुढे ढकलायचं नाही. पुढच्याचा हात रिकामा झाला की त्यानं मागून ओढून घ्यायचं. तोवर नवीन काही सुरूच करायचं नाही.

मास्टरनं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "जपानमंदी ब्लाउज घालतेत का?"

भाच्यानं पिवळ्या चिकट चिठ्ठ्या आणल्या होत्या. भिंतीवर लावल्या. परतवाड्याच्या मे महिन्यात त्यांचा गोंद तासाभरात सुकला आणि पंखा लागला तशा त्या दुकानभर उडाल्या. एक मास्टरच्या टोपीवर जाऊन बसली. आम्ही पोट धरून हसलो. पण पोरगं जिद्दी. त्यानं सुताराकडून प्लायवूडचा तुकडा आणला आणि त्यावर खिळे ठोकले. आलेलं, कटिंग, मशीन, इंटरलॉक, हुक, तयार, अशा सहा ओळी. आणि चिठ्ठीऐवजी चिंधी. तशीही आम्ही पावतीला लावायला कापडाची कोपऱ्यातली चिंधी कापतच होतो. तीच खिळ्याला अडकवायची. मोरपंखी चिंधी मशीनच्या खिळ्यावर म्हणजे मोरपंखी ब्लाउज मशीनवर. वाचायची गरज नाही, विचारायची गरज नाही. 'आलेलं'च्या ओळीत खिळे भरपूर, बाकीच्या ओळींत तीन-तीनच. खिळा रिकामा नसेल तर काम घ्यायचं नाही.

शेवटी वरच्या कोपऱ्यात त्यानं एक खिळा लाल रंगवला. "हा अर्जंट. खरोखरच अडलेलं काम इथे. एका वेळी एकच." एवढं करून भाचा पुण्याला निघून गेला आणि निस्तरायला आम्ही उरलो.

पहिला आठवडा म्हणजे नुसता शिमगा. मास्टरचे तीन खिळे सकाळीच भरायचे, आणि मग तो कात्री हातात घेऊन कापडांच्या ढिगाकडे असा बघायचा, की मलाच वाईट वाटायचं. "बाई, मंग मी काय माशा मारू का?" पण गिऱ्हाइकाची सोय आपोआप झाली. तिच्यासमोर चिंधी कापली की तिलाही वाटायचं कात्री लागली, आता पळता येत नाही. मास्टरचा धर्मही राहिला आणि कापडही अख्खं राहिलं.

आणि एक गोष्ट फळ्यावर अशी काही दिसली, की मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं आम्ही मास्टरच्या नावानं बोंबलत होतो, आणि माल तुंबत होता हुकापाशी. काकूचे तीन खिळे कायम भरलेले. ती आळशी नव्हती हो, बाईची मान वर व्हायची नाही. पण चार माणसांचं काम जाऊन पडत होतं एका माणसाच्या मांडीवर, आणि आम्ही मागून आणखी ओतत होतो. मग नियम केला, की हुकाचे खिळे भरले की मागच्यांनी हातातलं ठेवायचं आणि काकूपाशी येऊन बसायचं. जावा शिकल्या. मी शिकायचा प्रयत्न केला, पण लेडीज टेलरिंगची मालकीण असून मला साधं बटण लावता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या हातातली सुई काकूनं दोन मिनिटांत काढून घेतली.

मास्टरला विचारलं तर तो ताठ झाला. "मास्टर हुक नाई लावत. आमच्या अब्बानं नाई लावला, त्यायच्या अब्बानं नाई लावला." आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेला. विषय संपला.

तरी काम वाहायला लागलं. मी काउंटरवरून तारीख सांगायचे आणि त्याच तारखेला ब्लाउज तयार असायचा. तुम्हाला वाटेल बायका खूश झाल्या. छे! एक तर भांडण्याच्या तयारीनं पदर खोचून आली होती, आणि मी तिच्या हातात ब्लाउज ठेवल्यावर तिचं तोंड असं पडलं, की तिला चहा पाजावा लागला. पण खोट्या तारखा मात्र कुणी सोडल्या नाहीत. इतक्या वर्षांची सवय ती.

फळ्याची खरी मालकीण झाली काकू. चिंधी कुणी मागेपुढे केली की तिला पाठीमागूनही कळायचं. माझ्या नणंदेची चिंधी मी एकदा गुपचूप दोन खिळे पुढे सरकवली. काकूनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, उठली, चिंधी परत मागे लावली आणि म्हणाली, "ताई, नणंद तुमची हाय, फळ्याची नाई." सासरी मला त्याचं काय काय ऐकावं लागलं ते सोडाच.

पुढच्या लगीनसराईत काकूच्याच मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक. मुलगा चांदूर बाजारचा. तारीख चांगली लांबची होती. आणि एका सकाळी काकू दुकानात आली ती शालूचा खोका छातीशी धरून. चेहरा उतरलेला.

"ताई, परवा लगन हाय."

"परवा? काहून?"

मुलाच्या चुलतभावाचा मांडव पडलाच आहे, तर दोन्ही लग्नं एकातच उरकू, असं त्यांच्याकडच्या मोठ्यांनी आदल्या संध्याकाळी ठरवलं होतं. शालू सासरचा, तो तेव्हाच हातात आला. आणि देताना मुलाची आत्या म्हणाली होती, "ब्लाउजची तर चिंताच नाई. मायच दुकानात हाय." मग बाकीच्या बायकांकडे बघून हसली होती. परतवाड्याच्या टेलरांची कीर्ती चांदूर बाजारपर्यंत पोचलेली होती ना!

काकूनं शालूतला ब्लाउजपीस काढला. गर्द डाळिंबी, जरीचा काठ. कोपऱ्याची चिंधी कापली आणि 'आलेलं'च्या ओळीत, सगळ्यांच्या शेवटी अडकवली. मी बघतच राहिले.

"अवं, वेड लागलं का तुले? परवा लग्न ना पोरीचं!"

"लाल खिळा भरला हाय," ती म्हणाली.

भरला होताच. त्यावर वकिलीणबाईंची चिंधी. आमच्या दुकानाची जागा त्यांची, घरात दोन पिढ्यांची वकिली, आणि मुलीचं लग्न अमरावतीला. त्यांनीही लग्न परवाच सांगितलं होतं. ब्लाउज तीन, शालूचा, हळदीचा, पूजेचा, सगळे अस्तराचे. ते सगळे इंटरलॉकला लागले की विजेच्या दोन घटका तिथेच संपणार. दोन्ही होणं शक्यच नव्हतं.

मास्टर उसळला. "काढून फेका थो खिळा! आपल्या पोरीचं लगन हाय!"

"काढू नका," काकू म्हणाली. "तिच्याबी पोरीचं लगन हाय. मी रेडिमेड घेतो एखादा, पिना लावून भागवतो." आयुष्यभर लोकांच्या पोरींचे हुक लावले बाईनं, आणि तिची पोर पिना लावून बोहल्यावर चढणार. मला तर त्या फळ्यासकट भाच्याला जपानला पाठवून द्यावंसं वाटलं.

काकू तयारीला घरी गेली, आणि मी चपला घालून सरळ वकिलीणबाईंच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. जागा त्यांची, चिडल्या तर दुकान उचलायला लावतील, हेही डोक्यात होतं. अंगणात पोचले आणि थांबले. खाटेवर चार-पाच बायका बसल्या होत्या आणि काड्यांवर पिठाचे दोरे गुंडाळून सरगुंडे करत होत्या. ओले, पांढरे, नुकते काडीवर घेतलेले. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला सरगुंडे लागतातच, पण ते आधी करून कडकडीत वाळवून डब्यात भरून ठेवतात. परवा ज्या घरात लग्न आहे तिथे आज ओले सरगुंडे?

"वहिनी," मी म्हणाले, "खरी तारीख सांगा."

अंगणातल्या बायकांचे हात थांबले. परतवाड्यात हा प्रश्न तोवर कुणी कुणाला विचारला नसावा. वकिलीणबाई आधी लाल झाल्या. "म्हणजे? मी खोटं बोलते?"

"सरगुंडे ओले आहेत, वहिनी."

त्यांनी खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला हाताला धरून आत नेलं. "मग काय करायचं आम्ही?" त्या कुजबुजत्या आवाजात कडाडल्या. "माझ्या थोरलीच्या वेळी तुमच्या त्या मास्टरनं मला वरात दारात येईपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. तुम्हाला खरं सांगणारी बाई मूर्खच!" लग्न पुढच्या महिन्यात होतं. अख्खा महिना!

मी काकूच्या मुलीचं सांगितलं. त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "मला कधी द्याल? नक्की सांगा. आणि उद्या-परवा असलं काही बोलू नका."

मी डोळ्यांसमोर फळा आणला, कुठल्या ओळीत किती चिंध्या ते आठवलं आणि वार सांगितला. "त्या दिवशी नाही मिळाले तर दुकानाला तुमचं कुलूप घाला."

"घालीनच," त्या म्हणाल्या. मी दारात पोचल्यावर मागून हळूच म्हणाल्या, "आणि हे तारखेचं बाहेर कुठे बोलू नका हो. वकिलाचं घर आहे."

मी धावत आले आणि डाळिंबी चिंधी लाल खिळ्यावर लावली. मास्टरनं मी आल्याआल्या कात्री उचलली. जावांनी त्या दिवशी एकमेकींची उणीदुणी काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, इंटरलॉक झालं, आणि त्या दोघी सुया टाकून हळदीला पळाल्या. त्या काकूच्याच गल्लीतल्या, त्यांना थांबवणार कोण? लाल खिळ्यावरची चिंधी हुकाच्या ओळीत जाऊन बसली. काकू नाही, जावा नाहीत. दुकानात मी आणि मास्टर. आणि माझ्या हाताची कथा तुम्हाला सांगितलीच.

मास्टर बराच वेळ त्या फळ्याकडे बघत बसला. मग उठला, बाहेर जाऊन पान थुंकलं, हात धुतले आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"बाई, कोनी आलं तर सांगा का मास्टर घरी गेला."

"बरं."

"आनं तिकडं तोंड करून बसा."

मी रस्त्याकडे तोंड करून बसले. मागून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "या अल्ला. कुठी गेला धागा? हे छेद सुईचं हाय का काय हाय?" मध्येच बोटात सुई घुसल्यावरचं 'स्स'. एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून डोकावलं, तशी मी तिच्यावर इतकी खेकसले, की ती बिचारी माप न देताच गेली. त्याला किती वेळ लागला मी बघितलं नाही. त्यानं ब्लाउज घडी करून माझ्या हातात ठेवला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

काकूकडची मंडळी हळद लावून रात्रीच चांदूर बाजारला गेली होती, म्हणून लग्नाच्या सकाळी मी पिशवी घेऊन चांदूर बाजारच्या जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय हलेना. ड्रायव्हर एकेकाला हाका मारून कोंबत होता, सगळे आत बसलेले आणि जागचं कुणी हलत नाही, आमच्या दुकानात पूर्वी कापलेली गाठोडी पडायची तसं. मी त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण जीप निघाली.

मांडवामागच्या खोलीत पोरगी शालू गुंडाळून बसली होती, अंगात बाजारातला रेडिमेड लाल ब्लाउज, पुढे पिना. दाराशी तीच आत्या. "परतवाड्याचा ब्लाउज बारशाले येईन आता," म्हणून खिदळत होती. मी तिच्यासमोरच पिशवीतून डाळिंबी ब्लाउज काढला आणि झटकून धरला. "घ्या. बारशाचा वेगळा शिवू." आत्याचं हसू गिळलं गेलं. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

काकूनं ब्लाउज हातात घेतला. सवयच ती, आधी उलटा केला आणि हुक बघितले. एक वर, एक खाली. तिसऱ्याचं तोंड भलतीकडेच. टाके तर विचारू नका.

"हे कोनं लावले?"

"मास्टरनं."

तिच्या पदराला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असायची, लेकीच्या लग्नातही होती. तिनं ती सुई काढली. मला वाटलं, झालं, आता उसवणार. वाकडा हुक तिनं उभ्या जन्मात दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. तिनं सुई धरली, त्या हुकांवरून अंगठा फिरवला, आणि सुई परत पदराला टोचली.

"राहू द्या," ती म्हणाली. पोरीच्या अंगात ब्लाउज घातला आणि ओढून-ताणून तो एकेक हुक तिच्या हातानं लावला. पोरीला म्हणाली, "हे उसवायचे नाईत. कदीच." आणि मग आम्ही दोघी तिथेच रडलो, मी तर आत्यासमोर नाक ओढून ओढून.

चार-पाच दिवसांनी काकू कामावर आली. मास्टर सकाळपासून अस्वस्थ होता, तीनदा खडू पडला त्याच्या हातातून. हुकांबद्दल आता आपली काय शोभा होणार म्हणून तो कटिंगच्या टेबलावरून मान वर करेना. काकू बसली, चष्मा पुसला, फळ्याकडे बघितलं. हुकाचे तिन्ही खिळे भरलेले, त्यात वकिलीणबाईंचा पूजेचा ब्लाउज. तिनं तो उचलला, सुईत दोरा ओवला आणि दोन्ही नेऊन मास्टरच्या टेबलावर ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "सरळ लावजा."

मास्टरनं माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं, भर दुपारची वेळ, बाजार भरलेला, समोरच्या पायरीवर तीन गिऱ्हाइकं उभी. त्यानं कानावरचा खडू काढून खिशात टाकला आणि सुई घेतली. शटर त्यानं ओढलं नाही.